सगळ्यांचंच क्लोराइड

वर्गात तिला मिरची म्हणायचे, आणि ते नाव तिने स्वतः कमावलेलं होतं. दोन सराव-प्रॅक्टिकलांत ती आपटली होती. बाईंनी बजावलं होतं, आज सॉल्ट ओळखता आलं नाही तर पुढच्या वर्षी केमिस्ट्री विसरायची. आणि मिरचीला हवी होती केमिस्ट्रीच. बाकीचे विषय नुसते बसून ऐकायचे, इथे हात चालायचे.

तिने पुडीतलं सॉल्ट पाण्यात विरघळवलं, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. नळी दुधासारखी पांढरी झाली. म्हणजे क्लोराइड. खुशीत लिहून टाकलं. बाईंनी वही बघून कपाळाला हात लावला. प्रत्येकाला वेगळं सॉल्ट दिलं होतं, आणि आख्ख्या वर्गाने लिहिलं होतं क्लोराइड. एकमेकांचं बघून छापलंत का, त्यांनी विचारलं.

मिरचीचं डोकं सटकलं. ती नळी आपटणार, तेवढ्यात शेजारच्या चष्मीशने एका रिकाम्या नळीत नुसतं पाणी घेतलं. सॉल्ट नाहीच. वर तेच दोन थेंब. पुन्हा दूध.

"बाई, क्लोराइड पाण्यातच आहे," चष्मीश शांतपणे म्हणाली.

लॅबवाले काका कान खाजवत पुढे आले. डिस्टिल्ड वॉटर सकाळीच संपलं होतं. पोरांचा खोळंबा नको म्हणून त्यांनी बाटल्या नळाखाली भरल्या होत्या.

मिरची चष्मीशकडे बघतच राहिली. आपल्याला भांडायचं सुचलं, आणि हिला पाणी तपासायचं.

बाईंनी शेजारच्या लॅबमधून कॅन मागवला. या वेळी मिरचीची नळी स्वच्छच राहिली. सल्फेटची टेस्टही कोरडी गेली. उरलं नायट्रेट. आता फेरस सल्फेट घालून वरून ॲसिड सोडायचं, नळीच्या कडेकडेने. इथेच दोन्ही वेळा तिने भसकन ओतून सगळा काला केला होता.

"किती हळू गं?" तिने चष्मीशला विचारलं. तिने कुणाला काही विचारावं, हीच नवलाई.

"नळीला झोप लागलीय असं समज."

ॲसिड कडेने घरंगळत तळाशी गेलं. दोन थरांच्या मधोमध तपकिरी कडं उमटलं, केसाएवढं बारीक. म्हणजे नायट्रेटच. बाई वाकून बघत होत्या. त्यांनी वहीवर बरोबरची खूण केली आणि बोलल्याबद्दल दोघींचा एकेक मार्क कापला.

मिरची भांडली नाही. नळी हलली असती.