नळी ज्या गाडीला, कागद त्याच गाडीला

मित्रांनो, दवाखान्यातून आमच्या तपासनीस बाईंचा नवरा एकटाच परत आला, तेव्हा बाई गेल्याचे मला कळले. तो आमच्या धूर तपासणी केंद्राशेजारीच पंक्चर काढतो. त्याने आमचे शटर उचलले, फरशीवर फुटून पडलेल्या माझ्याकडे पाहिले आणि तिथेच खाली बसला.

मी धूर मोजणारे एक जुने यंत्र आहे. माझी नळी सायलेन्सरमध्ये घातली की काचेवर आकडा उमटतो. आकडा मर्यादेत असेल तरच कागद द्यायचा आणि कागद असेल तरच गाडी रस्त्यावर आणायची, असा कायदा आहे.

कायदा नवा होता तेव्हा साहेबांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढले. मग केंद्राच्या अंगणात एक कोरी मोटार कायमची येऊन थांबली. ड्रायव्हर तिला 'जावई' म्हणत, कारण काम काही नाही आणि मान मोठा. धूर ओकणारा ट्रक आला की हाक व्हायची, "बोलवा जावयाला!" नळी जावयाला, कागद ट्रकला.

बाई तपासनीस म्हणून आल्या आणि त्यांनी हे बंद केले.

एका दुपारी खडीचा ट्रक आला. सोबत मालक होता.

"बाई, जावई कुठाय?"

"आईकडे पाठवला त्याला. तुमचा ट्रक चालू करा."

ड्रायव्हर हसला, मालक हसला नाही. नळी लागताच माझा आकडा मर्यादेच्या फार पुढे गेला.

"कागद मिळणार नाही. आधी इंजिनाचं काम करून आणा."

मालकाने जॅकचा दांडा उचलला. पहिला घाव माझ्या काचेवर बसला. "मशीनला हात लावू नका!" म्हणत बाई मध्ये आल्या. दुसरा घाव त्यांच्या खांद्यावर बसला, तिसरा डोक्यावर. त्या माझ्यावर कोसळल्या, तरी तो मारतच राहिला. नवरा धावत आला. ड्रायव्हरने त्याला दारातच गळा दाबून धरले. बाईंचे रक्त फटींतून माझ्या आत उतरले.

दवाखान्यातून परतल्यावर ते पुसताना नवरा माझ्याशीच बोलला, "तिला म्हटलं होतं, राहू दे. ऐकते कुठं!"

मित्रांनो, यंत्राला जपा असे मी सांगणार नाही. काच बदलता येते. यंत्राजवळ एकटे उभे राहणाऱ्या माणसाला जपा.

मालक जामिनावर सुटला आहे. ट्रकला दुसऱ्या केंद्रावर कागद मिळाला. तो आजही खडी वाहतो. त्याच्या इंजिनाचे काम अजून झालेले नाही.