पायलची जुडी

पायलच्या जुडीला एकही भोक नव्हतं. बाकी मुलांच्या जुड्यांतल्या बांबूच्या चिरलेल्या कमच्यांना दोन महिन्यांत किडीनं एक-दोन भोकं तरी पाडलीच होती.

निवृत्त झालो तरी रविवारी मुलांना शिकवल्याशिवाय मला करमत नाही. कमच्यांचा हा प्रयोगही मीच दिला होता. मी सगळ्यांसमोर पायलची जुडी वर धरली. "बघा, बांबू तीन आठवडे बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, पाण्यात बुडवून ठेवला की त्यातला गोडवा निघून जातो. खायला काही उरत नाही, म्हणून कीड येत नाही. विष लागत नाही. पायलसारखं करा."

ती जुडी मी शेजारच्या गिरजाबाईला दिली, टोपली विणायला.

आठ दिवसांनी भर दुपारी पायल धावत आली.

"काऊन रडून राह्यली?" मी विचारलं.

"सर, मी जुडी भिजवलीच नाई जी. मामाच्या गावाले होती. आल्यावर कपाशीवर फवाराचं औषध लावलं." तिला दम लागला होता. "गिरजाबाईनं त्याच टोपलीत भात पसवला, पेज गाळाले. आत्ताच पाह्यलं मी."

मी चप्पलही घातली नाही. तसाच धावलो.

अंगणात गिरजाबाईचा दोन वर्षांचा नातू गोपाल जेवत होता. अर्धी ताटली रिकामी. मी ती हिसकली.

"सर, येडे झाले का? लेकराच्या तोंडचा घास हिसकता?"

"ही टोपली कधीपासून वापरता?"

"आजच काढली."

मी सांगितलं. तिनं गोपालला उचललं तेव्हा त्याच्या तोंडातून लाळ गळत होती.

गावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"औषध कोणतं? बाटली पाहिजे."

"बाबा मारन मले," पायल पुटपुटली. मग गोपालकडे पाहून पळत सुटली. परतली तेव्हा मागे तिचे वडील देवाजी होते, हातात पिशवी, पिशवीत बाटली. पायलच्या गालावर पाच बोटं उमटलेली. ती रडत मात्र नव्हती.

बाटली वाचून बाईंनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. आम्ही बाकावर बसलो, पायल दाराशी उभी राहिली. गोपालच्या छातीतून घरघर येत होती. ती मध्येच थांबायची, तेव्हा कोणीच श्वास घेत नव्हतं.

"भिजवली नाई तर सांगाचं होतं ना वं पोरी!" गिरजाबाई म्हणाली.

"सरांनी सगळ्यायसमोर शाबासकी देली. मंग कशी सांगू?"

भोकं तेवढी मोजली होती मी. ती कशानं टळली, हे विचारलंच नव्हतं.

दिवस कलताना बाईंनी पुन्हा बॅटरी मारली. "बाहुल्या थोड्या मोठ्या होताहेत. पण सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही."

"गोपाल वाचन ना, सर?" पायलनं विचारलं.

"माहीत नाही, बाळा."

बाकावर सरकून मी तिला जागा करून दिली.