बाराव्या वर्षी माझ्यासाठी पाहिलेली स्थळं

मी मारेगावच्या दीपमालाच्या दुकानातला संगणक बोलतोय. वय वर्षं बारा. माणसांत हे वय शाळेत जायचं, आमच्यात भंगारवाल्याच्या नजरेत भरायचं.

यवतमाळच्या धरमसिंग मेकॅनिकने मला जुळवलं. मदरबोर्ड एका खोक्यातला, हार्डडिस्क दुसऱ्यातली, पेटी तिसऱ्याच कुणाची तरी. म्हणून खानदानाचा विषय मी काढत नाही.

दीपमालाने तहसील कचेरीजवळ टायपिंगचं दुकान टाकलं तेव्हापासून मी तिचा. ती वणीच्या क्लासात खडखडत्या टाइपरायटरवर मराठी शिकलेली. समोरच्या माणसाशी बोलता बोलता तिची बोटं अर्ज उतरवतात. माझ्या कीबोर्डवरची अक्षरं कधीच पुसली गेली, तिचं काही अडलं नाही.

मग २०१७ साल आलं. कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी शिरली आणि तक्रारीचे अर्ज टाइप करून घ्यायला गावंच्या गावं आमच्या दारात आली. नेमका तेव्हाच मी अडून बसलो. माझी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे मला उठवणारी-चालवणारी माझी कारभारीण, पार थकली होती. दोन अर्ज छापले की आम्ही दोघं बंद.

दीपमालाचा नवरा अश्वजित ऑटो चालवतो. ऑटोत बसेल तो त्याचा सल्लागार. त्याने धरमसिंगला बोलावलं आणि या वयात माझ्यासाठी नवी स्थळं पाहणं सुरू झालं!

अश्वजितने पसंत केलेलं पहिलं स्थळ म्हणजे एक नवीकोरी सिस्टीम, देखणी, झगमगीत. पण ती एवढं सामान घेऊन आली की माझ्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. चालू व्हायला सतरा मिनिटं! तेवढ्यात रांगेतली चार माणसं समोरच्या दुकानात गेली.

"बैलबंडीवर अख्खी जिनिंग मिल लादून राह्यला का तू?" धरमसिंग अश्वजितला म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने पेनड्राइव्हमधून लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम आणली. हलकी, साधी, कामसू. मी एका मिनिटात टुणकन उठलो. अश्वजितने चहा सांगितला. खरं सांगतो, मला पुन्हा तरणं वाटलं.

तेवढ्यात कपाशी पेरणारी मथुराबाई आली. पुरावा म्हणून पदरात किडकी बोंडं बांधलेली. अर्जाचा शेवटचा दिवस. कृषी कार्यालय साडेपाचला बंद होणार आणि घड्याळात साडेचार.

दीपमालाने सवयीने 'प्रति' टाइप केलं. पडद्यावर भलतंच उमटलं. पुन्हा केलं, पुन्हा भलतंच. तिने कीबोर्डकडे पाहिलं, तर तिथे अक्षरंच नाहीत.

"हे काय करून ठेवलं?"

"मराठीच हाये ना ताई," धरमसिंग चाचरला. "अक्षरायच्या जागा येगळ्या हायेत फक्त. शिकसान महिन्याभरात."

"महिन्याभरात? दोन दिवस तुमी दोघं इथं बसून होते. मले एक डाव काहून नाही विचारलं?"

 माझा तर सगळा तोरा उतरला.

"मावशी, समोरच्या दुकानात जा तुमी," अश्वजित हळूच म्हणाला.

मथुराबाई हलली नाही. "मी हिच्याच हातानं लिवीन. माह्यं म्हननं हिलेच समजते."

दीपमालाने धरमसिंगला खुर्चीवरून उठवलं आणि पडद्यावरची कीबोर्डच्या मांडण्यांची यादी स्वतः खालपर्यंत वाचली. शेवटून तिसऱ्या ओळीला थांबली. "हे टाइपरायटर काय हाये?"

"ते जुन्या लोकायचं हाये, ताई."

"मी जुनीच हावो."

एक क्लिक, आणि तिची बोटं माझ्यावर धावली. नजर मथुराबाईकडे. किती एकर, बियाणं कुठलं, अळी कधी दिसली. पाच दहाला कागद निघाला. अश्वजितने ऑटो अशी पळवली की पाच पंचविसाला अर्जावर शिक्का बसला. परतल्यावर मथुराबाईने उरलेलं एक किडकं बोंड माझ्या डोक्यावर ठेवलं. "राहू दे याच्यापाशी. यानं बी पाह्यलं ना."

त्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. मथुराबाई दर महिन्याला स्मरणपत्र लिहायला येते. बोंड अजून माझ्या डोक्यावर आहे. दीपमाला त्याच्याभोवतीने धूळ पुसते.

माझा पंखा आता कण्हतो. मला भंगारात द्याल, तेव्हा खुशाल द्या. फक्त माझ्या जागी येणाऱ्याला निवडताना आधी दीपमालाला खुर्चीवर बसवा. मथुराबाईची स्मरणपत्रं अजून संपलेली नाहीत.