वर चार, खाली चार

मास्तरांच्या बायकोचा वरचा सूर एके काळी असा लागायचा की हॉटेलातले चमचे माना वर करून बघायचे. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा. ती याहून जास्त सांगेल. "ज्या दिवशी पट्टी उतरेल, त्या दिवशी माईक ठेवीन," असं ती चारचौघांत सांगून बसली होती, आणि बोललेलं करून दाखवायची तिला खोड होती.

पट्टी उतरली होती अकरा वर्षांपूर्वीच. एका दुपारी हॉटेलात गाताना तिचा सूर निसटता निसटता राहिला, तेव्हा साथीला बसलेल्या मास्तरांनी कीबोर्डचं पट्टी बदलायचं बटण गुपचूप एकदा दाबलं. मशीन अर्धा सूर खाली आलं, बाई सुखाने वर पोचल्या. पुढे बटण दोनदा, तीनदा, चारदा दाबावं लागलं.

मशीन धड स्वस्त नाही, धड भारी नाही. दिवे भरपूर, अक्कल बेताची. बंद केलं की सगळं विसरायचं, म्हणून दर कार्यक्रमाआधी पुन्हा चार टिचक्या.

"अहो, कसली टकटक?"

"धूळ झटकतोय."

पट्टी किती उतरवली तो आकडा दिसू नये म्हणून वर कागद चिकटवलेला.

त्या रविवारी, जेवणाची गर्दी व्हायच्या आधी, सरावात चार टिचक्या देऊनही बाईंचा सूर काठाशी येऊन धापा टाकू लागला. मास्तरांनी पाचवी मारली. मशीन ढिम्म. सहावी मारली. बटणाची धाव वर चार, खाली चार, त्यापुढे जायचं तर महागडं मशीन घ्या.

राहता राहिली बोटं. बटण शून्यावर ठेवायचं आणि हातानेच पट्टी उतरवायची. त्यासाठी काळी कळ लागत होती फक्त एक. पण मास्तर बटणाच्या जिवावर जन्मभर पांढऱ्यांवरच फिरलेले. काळ्या त्यांनी फक्त पुसल्या होत्या.

"आज धूळ नाही झटकलीत?"

"आज स्वच्छ आहे."

गाणं सुरू झालं. बाई वर चढल्या, पोचल्या, आणि नेमकं तिथे मास्तरांचं बोट काळीला चुकून शेजारच्या पांढरीवर पडलं. दुसऱ्या कडव्यात तेच. तिसऱ्यात घाम फुटला आणि दोन्ही एकदम वाजल्या. बाईंनी मागे वळून पाहिलं. मास्तरांचा जीव टांगणीला.

गाणं संपल्यावर ती माईकमध्ये म्हणाली, "मंडळी, सांभाळून घ्या. आमच्या ह्यांचं आता वय झालं."

सगळे हसले. मास्तरांनी मान खाली घालून ते वय अंगावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी चहा होताच तिने त्यांना मशीनपुढे बसवलं. "रोज एक तास. माझा आवाज बघा, आहे तिथेच आहे. बोटं तुमची उतरली."

"हो गं," मास्तर म्हणाले, आणि थकल्या बोटाने ती एक काळी शोधू लागले.