गुरुवारची गिरणी

गिरणी सुरू असली की मोशीच्या गावठाणात सरुबाईइतके तिखट कान कुणाचे नव्हते. पट्ट्याचा फटफटाट, दगडांची घरघर, दारावरून जाणारे डंपर. एवढ्या गलक्यात कुणी मागून ओरडलं, "मावशी, ज्वारी बारीक!" की मान न वळवता ती म्हणायची, "ठाऊक हाय. तुझ्या सासूचं दात गेल्यात."

घरात मात्र सगळी मेली पुटपुटतात, अशी तिची तक्रार. लेक पिंटू चाकणच्या कंपनीतनं शिफ्ट करून आला की तोंडातल्या तोंडात बोलतो. सून वर्षाराणी भाकरी थापताना पाठमोरी बोलते. "अन् वर मलाच बहिरी म्हणत्यात! गिरणीत या म्हणावं, मग कळंल कोण बहिरं हाय."

घोळ झाला तो गुरुवारी. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते आणि गिरणी गप्प होते. अशाच एका गुरुवारी सरुबाई दाराकडं पाठ करून पीठ झाडत होती. नेहमीची गिऱ्हाईक कौशल्याबाई दळणाचा डबा घेऊन आली. एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, "सरुबाई, डबा ठिवू का?" सरुबाईनं ढुंकूनही बघितलं नाही. कौशल्याबाई तरातरा निघाली आणि बसस्टॉपपर्यंत भेटेल त्याला सांगत गेली, "माज चढलाय म्हातारीला." त्या दिवसापासून तिचं दळण पलीकडच्या नव्या चक्कीवर जायला लागलं. तिचं बघून आणखी काहीजणींचं गेलं.

पिंटूच्या कानावर आलं. "आई, आता पुरे. तू घरी बस. गिरणीचा गाळा मोबाइलवाल्याला देऊन टाकू."

सरुबाईचा घास हातातच राहिला. नवरा गेल्यावर गिरणीच्या त्याच दगडांना स्वतःच्या हातानं, छिन्नी-हातोड्यानं टाकी लावून तिनं ह्या पोराला वाढवलं होतं. "गाळा दिलास तर मलाबी त्यातच ठिवून दे," ती म्हणाली. "अन् मोठ्यांदा बोलाया शिक."

वर्षाराणीनं मधली वाट काढली. "आत्याबाई, कान धड हायत असं एकदा डॉक्टरनी सांगितलं, की ह्यांचं तोंड बंद."

ही मात्रा बरोबर लागू पडली. दोघी बसनं संत तुकाराम नगरच्या दवाखान्यात गेल्या.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आधी बॅटरी मारून बघितलं. "मळ नाही. पडदाही शाबूत आहे. कानात तेल घालता का?"

"घालते की. लसूण कढवून."

"आता नका घालू." मग त्यांनी चिमट्यासारखी एक वस्तू आपटून कानामागच्या हाडावर टेकवली. "येतंय ऐकू?"

"येतंय. भुंग्यावानी."

तोच चिमटा त्यांनी कानासमोर धरला. "आता?"

"आता निजला भुंगा."

"न्हाई हो आत्याबाई," वर्षाराणी शेजारून म्हणाली, "मला इथवर ऐकू येतोय."

सरुबाईचा चेहरा उतरला. तिनं हुकमाचा एक्का टाकला. "बाई, गिरणीत मला समदं ऐकू येतं. समद्यांच्या आदी."

"येणारच," डॉक्टरीणबाई हसल्या. "तुमच्यासारख्या कानांची ती खूणच आहे. गिरणीचा गोंगाट तुमच्यापर्यंत कमी पोचतो आणि माणसं बोलतात मात्र ओरडून." त्यांनी डोक्याला यंत्र लावून आणखी तपासलं आणि समजावलं. पडद्याच्या आत तीन बारकी हाडं असतात. एकानं दुसऱ्याला हलवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. सरुबाईचं शेवटचं हाड जाम झालं होतं. त्याच्या मागची नस मात्र चांगली होती.

सरुबाईनं बोट हवेत गोल फिरवलं. "म्हंजी मोटार धड, दगड धड, मधला पट्टाच वढ घेईना."

"अगदी तसंच."

"मग त्यात भ्यायचं काय? पट्टं म्या लई बदलल्यात."

डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक ऑपरेशन, नाहीतर कानात मशीन. नस चांगली असली की मशीन छान कामी येतं, फक्त गिरणी सुरू असताना काढून ठेवायचं. ऑपरेशनचं पुढं बघू, म्हणून सरुबाईनं मशीन पत्करलं.

पहिल्याच रात्री ताटावर बसल्या बसल्या ती पिंटूवर खेकसली, "हळू चाव की! बैल पेंड खातोय जणू."

वर्षाराणी पदरात तोंड लपवून हसली. पिंटू म्हणाला, "घरातलं ठीक आहे. गुरुवारी बघू."

गुरुवारी त्याची दुसरी शिफ्ट होती. लाइट गेली तसा तो दाराआड येऊन उभा राहिला. सरुबाई दाराकडं पाठ करून पीठ झाडत होती. रस्त्यानं कौशल्याबाई डबा कमरेवर घेऊन सोजरबाईबरोबर चालली होती.

"चल पुढं, सोजर," ती हळूच म्हणाली. "हितं भिंतीशी बोलून काय मिळायचं?"

"भिंतीलाबी कान असत्यात, कौशल्याबाई," सरुबाई न वळता म्हणाली.

कौशल्याबाई जागीच थबकली.

"त्या दिशी म्या ऐकलंच न्हाई तुझं. कानाचा पट्टा ढिला झाला व्हता. आता नवा बसवलाय. ठेव डबा. गहू का?"

"गहूच." कौशल्याबाईनं डबा टेकवला. "त्या चक्कीचं पीठ लई भरड येतं बया."

"मग इतकं दिस काय चघळत बसली व्हतीस व्हय?"

सोजरबाई एवढ्या मोठ्यानं हसली की सरुबाईनं कानावर हात ठेवला.

पिंटू आडोशातनं मुद्दामच पुटपुटला, "मग मोबाइलवाल्याला काय सांगू?"

"दळण आसंल तर घेऊन ये म्हणावं."

दुपार कलली आणि लाइट आली. सरुबाईनं मशीन काढून मिसरीच्या रिकाम्या डबीत ठेवलं, डबी कनवटीला खोचली, कौशल्याबाईचा गहू वर ओतला आणि खटका ओढला.