तिसऱ्या हाकेला

चंद्राने पेटीच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू काढून ताटलीत टाकला आणि झाकण उचलले. आत वितभर लांबीचा हिरवा बोर्ड होता. एकाच पाटीवर बसवलेला अख्खा संगणक; खाली कळांचा कीपॅड, वर सहा लाल आकडे. आकडे दोन सत्तेचाळीस दाखवत होते. तिच्या मनगटावरच्या घड्याळातही तेवढेच वाजले होते.

“बरोबर हाय न्हवं?” दारातून गिरजाने विचारले.

“बरोबर आहे.”

“तेच तर. साहेब आले तवाबी बरोबरच हुतं.”

नदीकाठची ही चौकी गिरजा सांभाळत असे. वरच्या धरणाचे दरवाजे मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता उघडत. त्याआधी, तीन चाळीसला, या बोर्डाने भोंगा वाजवायचा, म्हणजे पात्रात उतरलेली माणसे वर येत. धरणावरून दर तासाला वायरलेसवर वेळेचा टोला येई. कुळगीच्या टेकडीवरचा रिले तो पुढे या चौकीला पाठवी आणि इथले घड्याळ त्यावर जुळे.

गेल्या शुक्रवारी इथला भोंगा वाजलाच नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी घड्याळ बरोबर पाहिले, भोंगा वाजवून पाहिला आणि ठरवले की गिरजाने हाताच्या कळीने भोंगा बंद केला आणि ती झोपली. जाताना ती कळच काढून घेऊन गेले; आता हाताने भोंगा वाजवायचीही सोय उरली नव्हती. आज पुन्हा तसे झाले तर गिरजाची नोकरी जाणार, हे तिला सगळ्यांनी सांगून झाले होते. आणखी काय जाईल ते कुणी बोलत नव्हते.

पायरीवर तिची नणंद फुला बसली होती. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या फडक्यात अडकवलेला.

“आजपण चौघी गेल्यात खाली,” फुला म्हणाली. “वैनीवर इश्वास हाय म्हणून न्हवं हां. गोधड्या सुकायला ऊन हाय म्हणून.”

“तुमची गोधडी सापडली का?” चंद्राने विचारले.

“ती गेली कारवारला. मी तेवढी अडकले दगडाला.”

गिरजा हसली नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. नदीचे वळण तिथून दिसे, पण त्यापलीकडची वाळू दिसत नसे. हाक तिथवर पोचत नव्हती, आणि भोंगा वाजेपर्यंत चौकी सोडायला गिरजाला मनाई होती.

चंद्राने बॅटरी तपासली. एकेक जोड बोटाने दाबून पाहिला. तीन वाजता स्पीकरमधून टोला आला: तीन बारीक टिक, मग एक लांब सूर. आकडे आधीपासूनच जुळलेले होते. खानापूरहून दुरुस्तीसाठी निघताना तिला वाटले होते, कुठेतरी गंजलेला पाय सापडेल, मुंग्यांचे वारूळ सापडेल. काहीच सापडत नव्हते. तिने प्रोग्रॅमचा कागद मांडीवर पसरला आणि ताटलीतला एक स्क्रू मुठीत घट्ट धरून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

स्पीकरमधून एक लांब शीळ आली.

गिरजाचा चेहरा जरा सैल झाला. तिने वायरलेसचा हँडसेट उचलला आणि त्याचे बटण दोनदा दाबले. टक, टक. मग तो जागेवर ठेवून दिला.

चंद्राने बोर्डाकडे पाहिले. आकडे तीन वाजून सात सेकंद दाखवत होते. तिने मनगट वर धरले. तीन चोवीस.

“कोण होतं हे?”

“आमचं ह्ये. रिलेवर ड्यूटी हाय त्यांची. आज दरवाजं उघडनार, ध्यान ठेव म्हणत्यात.”

“मग बोलत का नाहीत? शीळ कशाला?”

“जंगलात नाव घेऊन हाक मारत न्हाईत, अक्का. नाव ऐकून भलतंच कायतरी ओ देतंय. म्हणून शीळ. तीबी तीनदा आली तरच ओ द्यायची. एकदाला न्हाई.”

“आत्ता तर एकदाच आली.”

“पेटीतनं भलतं कोण येनार?” पायरीवरून फुला म्हणाली. “आमचा अण्णाच भलता, तेवढा पुरे.”

चंद्राचे बोट कागदावरच्या ओळीवर थांबले होते. लांब सूर ऐकू आला की जवळच्या तासावर जायचे, एवढेच बोर्डाला शिकवलेले होते. आधीच्या टिक त्याने मोजाव्यात असे कुठेही लिहिलेले नव्हते. त्याला शीळ टोल्यासारखी वाटली आणि ते तीनवर मागे गेले. आता चार वाजता खरा टोला येईल, तेव्हा ते चोवीस मिनिटे मागे असेल, आणि एका उडीत थेट चारवर जाईल. मधले तीन चाळीस त्याच्यासाठी उगवणारच नाहीत. आणि चारनंतर कुणीही येऊन पाहिले तरी घड्याळ बरोबर.

तिने कागद बाजूला टाकला.

“गिरजा, त्यांना सांगा, शीळ घालू नका. आत्ता, लगेच.”

“का? काय झालं?”

“आधी सांगा.”

गिरजाने हँडसेट तोंडाशी धरला. “ऐकलं का? शीळ घालू नगा. अक्का म्हणत्यात. ऐकलं का?”

चंद्राने घड्याळ थांबवून खरी वेळ घातली होती. आकडे पुढे सरकायला लागले, आणि स्पीकरमधून ‘ऐकलं’ असे सांगणारी एक लांब, आज्ञाधारक शीळ आली.

आकडे पुन्हा तीनवर.

फुला उठून आत आली आणि तिने डाव्या हाताने गिरजाच्या हातातला हँडसेट ओढून घेतला. “अण्णा! तोंड मीट की रं! एक शब्द न्हाई, एक शीळ न्हाई!”

पलीकडे नुसती खरखर.

चंद्राने कटर घेतला आणि रिसीव्हरकडून बोर्डाकडे येणारी पिवळी तार कापली. मग पुन्हा वेळ घालायला घेतली. घामाने बोट घसरले, चुकीचा आकडा उमटला. तिने तो पुसला, बोट साडीला कोरडे केले आणि एकेक कळ मोजून दाबली. आता मनगटावरच्या घड्याळाखेरीज दुसरा आधार नव्हता. तिघी त्या लाल आकड्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. गिरजाचे ओठ हलत होते. सेकंद मोजत होती की आणखी काही, ते कळले नाही.

भोंगा वाजला तेव्हा छपरावरची धूळ खाली आली.

बऱ्याच वेळाने वळणावर पहिली बाई दिसली, डोक्यावर ओल्या गोधड्यांचा गठ्ठा घेऊन. मग दुसरी. उरलेल्या दोघी भांडत भांडत वर येत होत्या. गिरजाने चौघींना बोटांवर मोजले आणि खिडकीचा गज सोडला.

पाणी आले तेव्हा चंद्रा तारेला डाख द्यायची डाखणी चुलीत तापवत बसली होती. नदीचा आवाज बदलला, एवढेच. तिने तार पुन्हा जोडली आणि कीपॅडवरून प्रोग्रॅममध्ये नव्या ओळी घातल्या. काम चालले असताना गिरजा तिच्या मागे येऊन थांबली.

“आता काय शिकिवलंत त्याला?”

“आधी तीन बारीक टिक मोजायच्या. त्या आल्या तरच टोला खरा. नुसत्या एका सुराला ओ द्यायची नाही.”

गिरजाने मान हलवली.

“शुक्रवारीबी ह्यांनी याच वक्ताला शीळ घातली हुती,” ती हळू म्हणाली. “फुला नदीवर गेलीय, ध्यान ठेव म्हणून.”

चंद्राने हातातली डाखणी विटेवर ठेवली. पायरीवर फुला पाठमोरी बसली होती. प्लास्टरच्या कडेशी खाजवणारा तिचा हात थांबला.

“दोष बोर्डाचा होता,” चंद्रा म्हणाली. “साहेबांनाही मी तेच सांगणार आहे.”

“आनी शीळ?”

“शीळ कुणीही घालेल. बोर्डानं ओ द्यायला नको होती.”

पाच वाजता टोला आला. बोर्डाने टिक मोजल्या आणि आकडे जुळले. चंद्रा झाकण बसवत होती तेव्हा स्पीकरमधून शीळ आली. तिने स्क्रूवरचा हात न काढता पाहिले. आकडे आपल्या चालीने पुढे जात होते.

गिरजा हँडसेटकडे बघत होती. तिचा हात उचलला गेला नाही.

थोड्या वेळाने दुसरी शीळ आली. मग तिसरी; ती मध्येच तुटली, जणू घालणाऱ्याचा श्वास पुरला नव्हता.

फुला उठली. छातीशी धरलेला हात सांभाळत आत आली, डाव्या हाताने हँडसेट उचलला आणि बटण दोनदा दाबले. मग तिने तो गिरजापुढे धरला.