जुन्या स्कीचा चाप

रॉस पेंडलबरीने खांद्यावरची स्कीची जोडी मिलेनाच्या कामाच्या बाकावर आडवी टाकली आणि हातमोजे काढून हातांवर फुंकर मारली. दुकान उघडून पाच मिनिटंही झाली नव्हती. बाहेर जिंडाबाइनच्या रस्त्यावरून सिडनीच्या गाड्या टपावर सामान लादून बर्फाच्या डोंगराकडे रांगेने सरकत होत्या.

“शाळेच्या जुन्या बाजारात मिळाल्या,” तो म्हणाला. “माझ्यासारख्याच म्हाताऱ्या. आता तूच सांग मिलेना, या वापरू, की दर शनिवारी भाड्याच्याच घेत राहू?”

अकरा वर्षांत तो या दुकानाची पायरी चढला नव्हता. रस्त्यात समोरून येताना दिसला की मिलेना दुकानांच्या काचांमध्ये बघत चालायची, आणि तोही. आता मात्र तो असा उभा होता, जणू कालच इथून कॉफी पिऊन गेला होता.

“समोरच्या दुकानात नाही गेलास?” तिने विचारलं.

“आधी बघ तर खरं.”

तिने बघितलं. हात कामाला सरावलेले असले की राग आडवा येत नाही, ते आपलं काम करत राहतात. तिने अंगठ्याचं नख कडेवरून ओढलं. नखाचा पांढरा कीस निघाला, म्हणजे धार होती. शेपटीकडे थोडा गंज, बुडाला दोन ओरखडे, ते भरून निघण्यासारखे. लाकूड कुठे भिजलेलं नव्हतं. मग तिने बूट पकडणारा चाप उघडून-मिटून पाहिला. जुन्या घडणीचा होता, पण स्प्रिंग जिवंत होती. सगळी गोम त्या चापात असते. माणूस पडला की चापाने बूट सोडला पाहिजे. फार सैल ठेवला तर स्की भलत्या ठिकाणी निसटते, फार आवळला तर स्की सुटत नाही आणि गुडघा फिरतो.

“फॉर्म भर,” ती म्हणाली.

माणसं वय आणि वजन सांगताना खोटं बोलतात हे जगजाहीर आहे. स्कीच्या दुकानात त्यात तिसऱ्या खोट्याची भर पडते. फॉर्मवर स्की कशी करता याचे तीन चौकोन असतात: जपून, बऱ्यापैकी, जोरात; या सगळ्यावरून चाप किती आवळायचा ते ठरतं. मिलेनाने तीस वर्षांत ‘जपून’वर खूण करणारा पुरुष एकच पाहिला होता आणि तो पाद्री होता. रॉसने वय लिहिलं सत्तावन्न, वजन ऐंशी, आणि ‘जोरात’वर ठसठशीत फुली मारली. सदुसष्टाव्या वर्षी, कोटाची बटणं ताणणारं पोट घेऊन! सही करून त्याने कागद तिच्याकडे सरकवला.

मिलेनाने स्क्रूड्रायव्हर उचलला.

तिची मुलगी इवा सोळा वर्षांची होती तेव्हा हाच माणूस स्की क्लबचा शिक्षक होता. शर्यतीच्या सकाळी, डोंगरावरच्या लाकडी झोपडीत, त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून इवाच्या स्कीचे चाप स्वतः आवळले होते, मधेच स्की निसटून वेळ वाया जाऊ नये म्हणून. तिसऱ्या वळणावर इवा पडली. स्की सुटली नाही, गुडघा फिरला. पुढे क्लबच्या चौकशी समितीसमोर रॉसने शांत आवाजात सांगितलं, चाप दुकानातूनच आवळून आले होते, आईने चुकीचे लावले. आणि सोळा वर्षांच्या पोरीवर कोण विश्वास ठेवतो? दुकानाला क्लबकडून मिळणारं काम गेलं. ओळखीची माणसं स्की घेऊन पार कूमा गावापर्यंत जायला लागली. ते सगळं मिलेनाने गिळलं. पण लोकांचं ऐकून ऐकून इवाच्याही मनात एक शंका शिरली होती. एकदा, दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर, तिने आईला विचारलं होतं, “तू नक्की बरोबर लावले होतेस ना?” इवा आता वुलाँगाँगला असते. जिना उतरताना कठडा धरते, आणि बर्फाकडे फिरकत नाही.

तिने चापाची मागची टाच पकडली आणि स्क्रू फिरवायला सुरुवात केली. चापावरच्या छोट्या खिडकीतला आकडा सरकू लागला. सहा. सात. कागदावर जे लिहिलंय तेवढंच तर ती करत होती. आठ. खाली त्याची सही होती. सुंठीवाचून खोकला जाणार होता. नऊ. ऐंशी किलोच्या जवान गड्यालासुद्धा नऊ जास्त होता. तिला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही. तिने दुसरी स्की ओढली.

रॉस भिंतीवरच्या हत्यारांकडे बघत हात चोळत होता.

“खरं सांगू?” तो म्हणाला. “दोन वर्षं भाड्याच्या घेतोय, पण भरवसा बसत नाही. ते समोरचे लोक नुसता कागद वाचतात, स्क्रू गर्रकन फिरवतात, की झालं. म्हटलं, शेवटी मिलेनाकडेच जावं. तुझ्या हातचा चाप कधी चुकला नाही.”

स्क्रूड्रायव्हर खाचेतच थांबला.

“कधीच नाही?”

“कधीच ना—” रॉसचे चोळणारे हात मंदावले. त्याने हत्यारांवरून नजर काढली, पण ठेवायला दुसरी जागा त्याला सापडेना.

मिलेनाची नजर त्या नऊच्या आकड्यावर गेली. पुढच्या शनिवारी याचा गुडघा गेला असता, तर गाव काय म्हणालं असतं? मिलेनाचा चाप, दुसरं काय. अकरा वर्षं जे खोटं होतं, ते तिने आपल्या हाताने खरं करून दिलं असतं, आणि तेही या माणसासाठी. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

ती स्क्रू उलटा फिरवू लागली.

“वय?”

“लिहिलंय की.”

“खरं.”

“…सदुसष्ट.”

“त्या काट्यावर उभा राहा.”

काटा त्र्याण्णववर थांबला. तिने ऐंशी खोडलं, ‘जोरात’ही खोडलं. चाप लावला, त्याचा बूट अडकवला आणि तळहाताने बाजूने जोरात तडाखा दिला. बूट खट्कन सुटला. दुसराही तसाच सुटला.

“या वापर,” ती म्हणाली. “भाड्याच्या नकोत. पाच-सहा वर्षं आरामात निघतील.”

रॉसने सुटकेचा श्वास सोडून पाकीट काढलं. “किती झाले?”

“पैसे नकोत. फॉर्मच्या खाली टिपेला जागा आहे. आत्ता बोललास ते लिही. चाप कधी चुकला नाही, आणि इवाचेही चुकले नव्हते. तारीख टाक. मला तो कागद वुलाँगाँगला पाठवायचाय.”

“मिलेना…”

“एक ओळ, रॉस.”

त्याने पेन उचललं. टोक कागदावर टेकवलं, आणि तिथे शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत गेला.

“तेव्हा क्लबवर खटला झाला असता गं,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “सगळा क्लब बुडाला असता. मी माझ्या एकट्याचा विचार नाही केला.”

“माझाही नाही केलास. लिही.”

“आता उकरून कुणाचं भलं होणार? पोरगी सावरली की.”

“तू तिला जिना उतरताना पाहिलंयस?”

मग त्याने पेनाला टोपण लावलं आणि ते बाकावर आडवं ठेवलं, अगदी हळू, जणू फुटेल.

“राहू दे,” तो म्हणाला. “भाड्याच्याच बऱ्या. या वयात कशाला नवी मालमत्ता.”

“आणि या?”

“दे कुणाला तरी.”

तो हातमोजे न घालताच बाहेर पडला. मिलेना काचेपाशी गेली. त्याने गाड्यांच्या रांगेतून वाट काढली, समोरच्या दुकानाची पायरी चढला, आणि काउंटरवर त्याच्यापुढे कागद सरकवला गेला. रॉस वाकला. आता त्याचं पेन कुठेही अडलं नाही. आकडे लिहिले, फुली मारली, सही केली. इतक्या लांबून एक अक्षर दिसत नव्हतं, तरी तिने ते सगळं वाचलं. काउंटरमागच्या माणसाने कागदावर एक नजर टाकली आणि स्क्रूड्रायव्हरला हात घातला.

त्या दुकानाचा नंबर तिला तोंडपाठ होता. फोन कोपराशीच होता.

दाराची घंटा वाजली. एक बाई काखेत बूट घेऊन आत आल्या आणि दाराशीच घुटमळल्या.

“या ना,” मिलेना फोनला हात न लावता काचेपासून वळून म्हणाली. तिने कोरा फॉर्म बाकावर ठेवला. “फक्त वजन खरं लिहा. वयसुद्धा.”